मोठ्या मामाची गाडी

माह्या लहान्या भावाच्या गाडीचे हेडलाईट चकचकीत झाले आन माही झोप उडाली. हासा, हासाचं असंन तं. दोघायच्या गाड्या सारख्याच, एकाच रंगाच्या. माही तं उलट एका वर्सानं नवी. पन इतक्या उन्हायात उभं राहून राहून दोन्हीचे लाईट पिवये पडले होते, कावीय झाल्यावानी. तसेच फिरत होतो आमी, कोनाचं काही म्हननं नोतं. आन एका रविवारी सतीश, माहा लहाना भाऊ, आमच्या इंझोरीच्या पारापाशी गाडी घेऊन आला. पाहतो तं काय, लाईट आरपार! आतला बल्ब दिसे.

पारावर उकंडराव बसला होता. मले म्हने, "शालिग्रामभाऊ, तुमी कई करता मंग?"

म्या म्हनलं, "मले दुसरे धंदे हायेत."

आता मले राग काहून आला ते सांगतो. आमच्यात नवरदेव मामाच्या गाडीत बसते. मारुतीच्या देवयापासून मांडवापर्यंत, समोर बाजा, मांगं बाया. माही बहीन ललिता, तिचं सासर गावातच. तिच्या पोराचं, अनुपचं, लगन पंधरा दिवसावर आलं होतं, कारंज्याले. मामा दोन, मी मोठा, सतीश लहाना. मंग नवरदेव कोनाच्या गाडीत बसंन? हे काय इचाराची गोष्ट हाय? पन ललिता पत्रिका द्याले आली, अंगनात माह्या गाडीपाशी थांबली आन म्हने, "दादा, फुलं लावाच्या अंधी तुये लाईट पाहा लागतीन."

बस. मी समजून गेलो. हिच्या मनात सतीशची गाडी भरली.

माही बायको मंजुषा, तिनं त्यात अजून तेल ओतलं. "सतीशभाऊजीनं घरीच केले म्हंतेत. किती सफाई हाय त्यायच्या हाताले!" माह्या हाताची सफाई ह्या बाईले वीस वर्सात दिसली नाई.

म्या कोनालेच इचारलं नाई. टूथपेस्टनं लाईट साफ निंगते असं कुठीतरी आयकलं होतं. अख्खी ट्यूब घासली. संध्याकाई असे चमकले का बस! मी गाडीभोवती तीन चकरा मारल्या. सकाई उठून पाहतो तं पुन्हा पिवये. आन मंजुषा घरातून वरडून राह्यली, "लेकरायनं दात कायनं घासाचे हो?"

शेवटी सतीशकडं गेलो. त्याच्या दारात जाताना जीव कसा झाला ते माहं मले माहीत. त्यानं काही लपवलं नाई. कागदाचं पुडकं हातात देल्लं आन सांगतलं, "दादा, बाजूच्या रंगाले चिकटपट्टी लावजो. पयले आठशे नंबरचा पॉलिश पेपर, मंग दीड हजारचा, मंग तीन हजारचा. कागद ओला ठेवजो. मंग रबिंग पॉलिश. आन शेवटी लॅकरचा, म्हंजे बिनरंगाच्या वार्निशचा, फवारा, नाई तं चार-सहा महिन्यात पुन्हा पिवये." मंग म्हने, "मी येऊ का?"

"कायले? मले हात नाईत का?"

दुसऱ्या दिवशी बसलो बादली घेऊन. आठशेचा कागद ओला केला आन घासला. पिवयं पानी निंगालं. मले बरं वाटलं. अजून जोर लावला, दोन्ही लाईट घासले, फडक्यानं पुसले आन वायू देल्ले. वायले तं काय सांगू बावा, दोन्ही पांढरे फट! दुधाची साय धरल्यावानी. बल्ब तं सोडा, आत काही हाय का नाई तेबी दिसेना. अंधी पिवये का असेना, उजेड तं पडे!

तवा माह्या डोक्शात पेटलं. ह्यानं मुद्दाम केलं! माही गाडी लग्नात जाऊच नाई म्हनून ह्यानं मले कागद देल्ला!

पुडकं उचललं आन तसाच ललिताच्या घरी. तथी सतीश मांडवाच्या बल्ल्या उतरवून राह्यला होता. दहा-बारा बाया पापड लाटत बसल्या होत्या. म्या सगयायच्या समोर पुडकं त्याच्या अंगावर फेकलं.

"जयतं तू माह्यावर! लहानपनापासून जयतं! माही गाडी खराब कराले देल्ले नं हे कागद?"

एकीचंबी लाटनं हालेना. सतीशनं पुडकं उचललं, त्यातले कागद पाह्यले. दीड हजारचा कोरा, तीन हजारचा कोरा.

"दादा, फक्त आठशेचाच मारला का तू?"

"हो, तेवढ्यातच सत्यानास झाला!"

"अरे, पयल्या कागदानं पांढरंच होते ते. तू अर्ध्यातच उठून आला."

एक बाई तोंडाले पदर लावून हासली. मंग सगयाच हासल्या. मले वाटलं, अथीच भुई फाटावी.

सतीश हासला नाई. माह्या अंगनात आला, दोन घंटे उकीडवा बसून घासत राह्यला. पांढरं हयूहयू गेलं. पॉलिश लावलं, लॅकर मारला. लाईट असे निंगाले का त्याच्याहून कांकनभर सरस. ललिता मांगून आलती. मले बाजूले घेऊन म्हने, "दादा, सतीशले म्याच सांगतलं होतं, मोठ्या मामाचे लाईट साफ करून दे, अनुप त्याच्याच गाडीत बसंन. त्यानं पयले सोताच्या गाडीवर करून पाह्यलं. तुयी गाडी खराब झाली असती तं तू त्याले जित्ता सोडलं असतं का?"

मले वाईट वाटाले पाह्यजे होतं. वाटलंबी थोडं. पन खरं सांगू? त्याच्याहून जास्त मी जयलो. चांगुलपनातबी हा माह्या पुढंच! माफी मांगाची होती, मांगतली नाई. म्हनलं, लगन होऊ दे, मंग पाहू.

लग्नाच्या दिवशी कारंज्यात मारुतीच्या देवयापासून वरात निंगाली. माह्या गाडीले झेंडूच्या माया, मांगच्या सीटवर अनुप, फेटा बांधून. मी स्टेरिंगवर ताठ. दिवस कलला तसे म्या लाईट लावले. लख्ख उजेड पडला, आन त्या उजेडात कोन नाचून राह्यलं? सतीश. घामानं भिजला होता, सारे पोट्टे त्याच्या भोवती.

"मामा, दोनच मिंट," अनुप म्हने, आन दार उघडून उतरला. सतीशनं त्याले खांद्यावर घेतलं. बाजावाल्याले जोर चढला. मले कोनी बलावलं नाई. गाडी सोडून मी जाऊ तरी कसा?

म्या हार्न वाजवला. पुन्हा वाजवला. चिडून वाजवला, बाकी काही नाई. सतीशले वाटलं, मले पुढं जाची घाई हाय. तो वरडला, "सरका रे, दादाले वाट द्या!"

सारी वरात दोन बाजूले झाली. आता एवढी वाट देल्ल्यावर थांबाचं कसं? घेतली गाडी पुढं.

मांडवाच्या दारात नवरीची माय आरतीचं ताट घेऊन उभी होती, संग पाच-सहा बाया. फुलायची गाडी पाहून धावतच आल्या. तिनं मांगचं दार उघडलं, ताट पुढं केलं आन थांबली.

"नवरदेव कुठी हाय?"

"येऊन राह्यला. मांगं हाय, नाचून राह्यला."

"आन तुमी कोन?"

"मी नवरदेवाचा मामा."

"सतीशमामा का?" बाईचं तोंड असं फुललं!

"नाई," म्या म्हनलं, "त्याचा मोठा भाऊ."

"बरं बरं. मंग गाडी जरा बाजूले घ्या नं भाऊ, नवरदेव येनार हाय."

म्या गाडी बाजूले घेतली.