कटआउटवरची दुसरी वायर

मित्रांनो, मी एक जुना विजेचा मीटर आहे. काळ्या अंगाचा, काचेच्या तोंडाचा, पोटात ॲल्युमिनियमची चकती असलेला. घरात वीज वापरली की माझी चकती फिरते आणि वरचे आकडे पुढे सरकतात. एवढंच माझं काम. ते मी सत्तावीस वर्षं केलं आणि एकदाही खोटा आकडा दाखवला नाही. हे बढाई म्हणून सांगत नाही. माझ्या खरेपणाचा कोणाला काय उपयोग झाला, ते पुढे ऐका.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथे बायका ओळीने बसून आमच्यासारखे मीटर जुळवत. माझी चकती बसवणाऱ्या बाईने डोळ्याला भिंग लावलं होतं आणि ती श्वास रोखून काम करत होती. चकती केसाएवढी जरी कलली तरी मीटर परत तिच्याकडे यायचा. माझी तपासणी झाली, शिशाचं सील लागलं आणि मी एका दुमजली इमारतीत वरच्या मजल्यावरच्या घरी आलो. दारातून आत आलं की एक अरुंद बोळ. डाव्या हाताला चपलांचं कपाट, त्याच्या वर लाकडी फळी. त्या फळीवर मला ठोकलं. माझ्या शेजारी चिनीमातीचा कटआउट, म्हणजे ज्यात फ्यूजची तार असते तो. त्याच्या पलीकडे मेन स्विच. बाहेरची वीज आधी माझ्यात येई, मग कटआउटमध्ये, मग मेन स्विचमधून घरभर जाई. हा क्रम लक्षात ठेवा.

घरात तीन मोठी माणसं आणि एक मुलगी. घरधनी एका गोदामात हिशेबनीस होते. त्यांना घरीदारी सगळे दादा म्हणत. दादा स्वभावाने मऊ. कोणाला नाही म्हणायची वेळ आली की त्यांना घाम फुटे. त्यांची बायको, वहिनी, कामाला वाघ आणि जिभेला तिखट. आणि मागच्या खोलीत दादांची धाकटी बहीण. मुलगी तिला आत्या म्हणे, म्हणून मीही आत्याच म्हणतो. आत्याने लग्न केलं नव्हतं. ती शिवणकाम करी. शाळेचे गणवेश, सदरे, परकर, उशांचे अभ्रे. तिच्या हातचं शिवण असं की कपडा उलटा केला तरी सुलटाच वाटे. मशीनला तिने मोटर लावून घेतली होती. ती मोटर चालू झाली की माझी चकती जेमतेम हले. इस्त्री लागली की मात्र जोरात फिरे, पण ती दिवसातून अर्धा तास. आत्या शिवायला बसली की गुणगुणत असे, आणि गुणगुणणं थांबलं की वहिनी स्वयंपाकघरातून विचारी, "काय वन्सं, बाही चुकली वाटतं?" दोघी हसत.

ती वर्षं बरी गेली. बिल यायचं, वहिनी ते वाचून म्हणायची, "आपला मीटर गरीब आहे हो." मला फार बरं वाटे.

मग खालचा दुकानदार एकदा वर आला. त्याचं आइस्क्रीम आणि थंड बाटल्यांचं दुकान आमच्या बरोबर खाली होतं. वहिनी आणि आत्या बाजारात गेल्या होत्या, मुलगी शाळेत. तो दारातच उभा राहून म्हणाला, "दादा, माझा मीटर जळाला. नवा यायला आठ दिवस लागतील. एका दिव्यापुरती लाइन द्या. अंधारात गिऱ्हाईक पायरी चढत नाही."

दादांनी मान खाजवली. "एक दिवाच ना?"

"एकच. तुमच्या गळ्याची शपथ."

त्याच दुपारी त्याचा वायरमन आला. त्याने कटआउटच्या खालच्या टोकाला दुसरी वायर जोडली, कपाटामागून नेली आणि खिडकीच्या चौकटीतून खाली सोडली. मेन स्विचशी तिचा संबंधच ठेवला नाही. घरची मेन बंद केली तरी त्याचा दिवा चालू राहील, अशी सोय. पहिले तीन दिवस खरंच एक दिवा होता. चौथ्या दिवशी माझ्या चकतीला असा हिसका बसला की मी समजलो, खाली डीप फ्रीज लागला. तोही जुना, रबर सुटलेला, धड बंद न होणारा. त्या दिवसापासून माझी चकती थांबली म्हणून नाही.

पहिलं बिल दुपटीहून जास्त आलं. वहिनीने ते तीनदा वाचलं, उलटं करून पाहिलं. दादा घरी आल्यावर तिने ते त्यांच्या हातात दिलं. दादा खाली गेले आणि पाच मिनिटांत परत आले. मागोमाग दुकानदार एक मोठा डबा घेऊन दारात हजर. हळू आवाजात म्हणाला, "दादा, आता काढलं तर सगळा माल नासेल. नवा मीटर आठवड्यात येतोय. सांभाळून घ्या." मग आवाज चढवून आत पाहत म्हणाला, "आणि हे मुलीसाठी."

सगळ्यांनी आइस्क्रीम खाल्लं. वहिनी म्हणाली, "माणूस चांगला आहे." ते गोठवायला लागलेली वीजही माझ्याच आकड्यांत होती, पण ते मला आणि दादांनाच ठाऊक.

दुसरं बिल पहिल्यापेक्षाही मोठं होतं. वहिनीने सरळ माझ्याकडे बोट दाखवलं. "हा मीटर पळतोय. अर्ज करा." दादांना अर्ज करावाच लागला.

वीज कार्यालयाचा तपासनीस आला. वयस्कर, चष्म्याला दोरी बांधलेला माणूस. त्याने कटआउटकडे जाणाऱ्या वायरी सोडवल्या, आपलं यंत्र मला जोडलं, हातात घड्याळ धरलं आणि चकतीच्या फेऱ्या मोजल्या. दोनदा मोजल्या. वहिनी बोळात उभी होती. तो म्हणाला, "बाई, मीटर एकदम ठीक आहे. इतका जुना असून इतका नेमका, मी क्वचित पाहिलाय."

इतक्या वर्षांत माझं असं कौतुक कोणी केलं नव्हतं. त्याची किंमत मला लगेच कळली.

वहिनी चहा टाकायला आत गेली. तपासनीस वायरी परत जोडू लागला आणि थबकला. "अहो, कटआउटवर दोन वायरी आहेत. एक मेनला गेली. ही दुसरी कुठे जाते?"

दादा त्याच्या शेजारीच होते. आत स्वयंपाकघरात बायको, मागच्या खोलीत बहीण. त्यांनी एक वाक्य बोलायचं होतं. ते म्हणाले, "ती जुनी आहे. बंदच आहे. राहू द्या."

तपासनिसाने त्यांच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "तुमचं घर, तुमची वायर," म्हणाला आणि चहा न घेता निघून गेला.

मित्रांनो, मी निर्दोष सुटलो, आणि त्याच दिवशी आत्याचं नाव पुढे आलं. मीटर खरा, म्हणजे घरातलंच कोणीतरी वीज जाळतंय. पंखा होता तेवढाच होता, दिवे होते तेवढेच होते. उरली मशीन आणि इस्त्री.

"वन्सं, यंदा गणवेश जास्त घेतलेत का?" वहिनीने विचारलं.

"दरवर्षीएवढेच. वहिनी, मशीन सहा वर्षं चालतंय. तेव्हा नव्हतं ना बिल वाढत?"

वहिनी आमटी वाढू लागली. उत्तर दादांनी दिलं. भाताचा घास हातात धरून ते म्हणाले, "थोडे दिवस इस्त्री बंद ठेवून बघ ना. काय फरक पडतो ते कळेल."

आत्याने इस्त्री कापडात गुंडाळून माळ्यावर टाकली. कपडे ती ओल्या हाताने सारखे करून, गादीखाली दाबून ठेवू लागली. गिऱ्हाइकं चुरगळलेले सदरे उचलून बघत आणि तसेच नेत. हळूहळू त्यांतली निम्मी येईनाशी झाली. तेवढ्यात उन्हाळा तापला. खालचा फ्रीज उन्हात धापा टाकू लागला, आणि पुढचं बिल आणखी वाढून आलं.

त्या सकाळी वहिनीचा तोल गेला. "इस्त्री बंद आहे म्हणता, मग ही वीज काय हवेत जाते? आमच्या पाठीमागे लावता, सरळ सांगा."

आत्या बोळात आली. तिच्या बोटात अंगुस्तान होतं, सुई टोचू नये म्हणून घालतात ते. ती म्हणाली, "वहिनी, हवं तर मशीन तुमच्या खोलीत ठेवा. पण मी खोटं बोलत नाही." मग तिने भावाकडे पाहिलं. "दादा, तू सांग. मी खोटं बोलते का?"

दादा कपाटाशी वाकले होते. पायातला एक बूट घातला होता आणि दुसरा हातात होता, तरी ते कपाटात काहीतरी शोधत राहिले. शेवटी म्हणाले, "उशीर होतोय मला. संध्याकाळी बोलू."

संध्याकाळी बोलायला आत्या घरात नव्हती. एक पिशवी घेऊन ती बायकांच्या वसतिगृहात राहायला गेली होती. तिथल्या खोलीत मशीन ठेवायला परवानगी नव्हती. तिने कपड्यांच्या कारखान्यात नोकरी धरली. तिथे तिला दिवसभर फक्त कॉलर शिवायच्या होत्या. अख्खा सदरा जिच्या हाताखालून तयार होऊन निघे, ती नुसत्या कॉलर शिवू लागली. हे मुलगी आईला सांगत होती, तेव्हा मी ऐकलं. मुलगी रडत होती. वहिनी कणीक मळत राहिली.

पुढची दोन बिलं तितकीच मोठी आली. आता घरात शिवण नव्हतं, इस्त्री नव्हती, गुणगुणणं नव्हतं. पण वीज जळतच होती. वहिनीच्या मनात पाल चुकचुकली. ती बिल हातात घेऊन माझ्यासमोर नुसती उभी राहू लागली.

शाळेला सुट्टी लागली तेव्हा ती मुलीला घेऊन तीन दिवस माहेरी गेली. दादा कामानिमित्त परगावी होते. निघताना तिने मेन स्विच स्वतःच्या हाताने बंद केला आणि माझ्या फळीवर पेन्सिलीने आकडा लिहिला, ७३१८. कोणालाही न विचारता केलेलं पहिलं शहाणपणाचं काम. हे आठ महिन्यांपूर्वी कोणी केलं असतं तर!

तीन दिवसांनी दुपारी ती परतली. पिशवी खांद्यावरच होती. तिने माझा आकडा वाचला. ७३३३. मग बोटाने मेन स्विच चाचपला. तो बंदच होता. ओल्या पदराने तिने माझी काच पुसली आणि पाहिलं. बंद घरात माझी चकती सावकाश, न थांबता फिरत होती. तिने कपाट ओढलं. मागे धुळीने माखलेली वायर खिडकीकडे गेली होती.

वहिनीने आरडाओरडा केला नाही. तिने कटआउटचा फ्यूज उपसला आणि पिशवीत टाकला. माझी चकती थांबली. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

थोड्याच वेळात जिन्यावर पावलं वाजली. दुकानदार दारात आला. "वहिनी, तुमच्याकडे लाइट गेली का हो?"

"नाही," वहिनी म्हणाली. "तुमची गेली."

त्याने कपाटाकडे पाहिलं, वायरीकडे पाहिलं. "दादांना विचारूनच घेतली होती," एवढं पुटपुटून तो खाली गेला. आठ महिने न आलेला त्याचा मीटर चार दिवसांत आला.

दादा परतले तेव्हा वहिनी बोळातच बसली होती. कटआउटमधून सोडवलेलं वायरीचं टोक तिच्या मांडीवर होतं.

"एका दिव्यापुरती दिली होती," दादा म्हणाले. "मग त्याला काढ म्हणवेना. तुला सांगायचंच होतं."

"कधी?"

दादा वाकून बुटाची नाडी सोडू लागले.

"तो तपासनीस आला होता, तेव्हा तुम्ही त्याच्या शेजारी उभे होता. वन्संना मी चोर ठरवलं, तेव्हाही इथेच होता. माझ्या तोंडून वदवून घेतलंत सगळं."

दुसऱ्या दिवशी ती वसतिगृहात गेली. तिथे काय झालं ते मला माहीत नाही. पण रविवारी आत्या आली. बरोबर हातगाडीवाला होता. ती मशीन न्यायला आली होती. कोणा ओळखीच्या बाईने तिला पडवीत जागा दिली होती.

वहिनी तिचा हात धरून म्हणाली, "वन्सं, राहा इथेच. मी पाया पडते तुमच्या."

"तुमच्यावर राग होता, वहिनी," आत्या म्हणाली. "तो गेला. तुम्हाला ठाऊक नव्हतं, म्हणून तुम्ही विचारलंत. विचारलंत तरी."

दादा बाहेरच्या खोलीच्या दारात आले. "चहा तरी घेऊन जा," म्हणाले.

आत्याने त्यांच्याकडे पाहिलं. लहानपणी तिला सायकल शिकवणारा, तिच्या पहिल्या मशीनसाठी स्वतःचं घड्याळ विकणारा तो भाऊ. हे सगळं तिनेच मुलीला अनेकदा सांगितलं होतं. ती म्हणाली, "दादा, खरं सांगून पैसे मागितले असतेस तर मशीन विकून बिल भरलं असतं मी. तू माझं नाव वापरलंस." मग हातगाडीवाल्याला म्हणाली, "चला, उचला."

ती पुन्हा त्या बोळात आली नाही. बिल पूर्वीसारखं लहान येऊ लागलं. वहिनी ते न वाचता भरू लागली. नवरा-बायकोत जेवढ्यास तेवढं बोलणं उरलं. वर्षाभराने सगळ्या इमारतीचे मीटर बदलले, तेव्हा मलाही काढलं. आता मी एका गोदामात, पोत्यात, माझ्यासारख्या शेकडो मीटरांबरोबर पडलो आहे. भंगारवाला यायचा आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी बिल अचानक वाढलं, तर आधी घरातलं एखादं मोठं माणूस बरोबर घ्या, मेन बंद करा आणि मीटरसमोर पाच मिनिटं उभे राहा. नव्या मीटरला चकती नसते, बारीक लाल दिवा लुकलुकतो. तो बघा. थांबला, तर वीज घरातच लागते आहे. चालूच राहिला, तर वायरीचा माग काढा, जाणकाराला बोलवा. घरातल्या माणसाकडे बोट दाखवण्याआधी एवढे कष्ट घ्या.

आणि चूक तुमची असेल, तर त्याच दिवशी बोला. मी सगळं मोजलं, सगळं ऐकलं, पण मला तोंड नव्हतं. ज्याला होतं, तो हातभर अंतरावर उभा राहून गप्प बसला. त्याच्यात आणि माझ्यात एवढाच फरक होता, आणि तोही त्याने ठेवला नाही.