उत्तराची जागा

परवा रेकॉर्डिंगमधली शांतता सात सेकंदांची होती, काल अकरा. आज पारमिताने घड्याळ लावून मोजले, तर एकोणीस भरले.

"मशीन बिघडलं असंल गं," नागेंद्र सर म्हणाले. "तेवढं काप आन् संध्याकाळपर्यंत लिहून दे." सरांना शांततेचं भारी वावडं. निपाणीच्या या छोट्या कार्यालयात दलित ख्रिस्ती धर्मगुरूंच्या आठवणी त्यांच्याच तोंडून ऐकून उतरवण्याचं काम चाले.

हे बोलणं फादर इनासांचं. खानापूरजवळ म्हाताऱ्या फादरांच्या आश्रमात पारमितानेच ते रेकॉर्ड केलं होतं, आणि त्यानंतर नवव्या दिवशी फादर वारले.

"चर्चमधी मी म्हणायचो, प्रभू तुमच्याबरोबर असो. लोकांनी म्हणायचं असतंय, आणि तुमच्या आत्म्याबरोबरही. पर वरच्या जातीच्या घरची मानसं मुक्यावानी बसायची. तीस वर्सं! एक प्रवचन लिवून ठेवलंय पोरी, कधी सांगितलंच न्हाय. आज सांगू?"

त्या दिवशी तिने मान डोलावली. फादर काठी टेकत उठले, हात पसरले. "प्रभू तुमच्याबरोबर असो."

आणि थांबले.

बोलणाऱ्याच्या मध्ये बोलायचं नाही, हे प्रशिक्षणात तिच्या डोक्यात पक्कं बसवलेलं. ती शहाणी गप्प राहिली. सात सेकंदांनी फादर खाली बसले. "असू दे. बंद कर."

दमले असतील, असं तिला वाटलं. आपणही त्या वरच्या घरच्या माणसांसारखेच वागलो, हे कळलं ते फादर गेल्याचा फोन आल्यावर.

तेच "असू दे" आता रोज उशिरा येत होतं.

तिने पुन्हा हेडफोन चढवला. फादरांचा श्वास ऐकू आला. मग बाकं कुरकुरली. आश्रमाच्या त्या खोलीत एकही बाक नव्हतं. वीस सेकंद झाले, तीस झाले, श्वास थांबलेलाच. बुद्धवंदनेखेरीज तिला कुठली प्रार्थना पाठ नव्हती; पण फादरांनी सांगितलेलं उत्तर आठवलं.

"आणि तुमच्या आत्म्याबरोबरही," ती मोठ्याने म्हणाली.

"काय झालं गं?" सरांनी दचकून विचारलं.

"असू दे" आलंच नाही. कानात कुणीतरी लांब श्वास सोडला. घडीचा कागद उलगडल्याचा आवाज झाला.

"बसा," फादर म्हणाले.

आपण कधी उभ्या राहिलो, हे पारमिताला कळलंच नव्हतं. हेडफोनची वायर सावरत ती खाली बसली.