उघडणारा पल्ला

"गोपालभाऊ, राजापेठेतल्या ट्यूशन क्लासले आग लागली! पोट्टे वरच अडकून हायेत. खिडक्या तुमच्याच ना?"

फोनवर देवानंद होता. क्लाससमोर त्याचं झेरॉक्सचं दुकान.

"आमच्याच," गोपाल ओरडला. "त्याईले सांग, ग्रिलचा पल्ला आतून उघडते. कडी काढा म्हनाव!"

"नाई उघडून राह्यला, बापा!"

गोपालचे वडील पंजाबराव कारखान्यात शेजारीच उभे होते. मुलाचा चेहरा पाहूनच ते टेम्पोकडे निघाले. मूळचे ते धामणगावचे, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातले. तरुणपणी तिथं स्टोव्हचा भडका उडून शेजारची गंगूबाई खिडकीच्या गजांमागं जळाली होती. पंजाबरावांनी बाहेरून जीव खाऊन गज ओढले, पण ते हलले नाहीत. पुढं अमरावतीत त्यांनी खिडक्यांचा कारखाना काढला, तो एकाच अटीवर: उघडणारा पल्ला नसलेलं ग्रिल इथून बाहेर जाणार नाही. "चोर घुसतील," म्हणणारी गिऱ्हाइकं त्यांनी परत पाठवली. लोखंडी चौकटी गेल्या, सरकत्या काचा आल्या, गोपाल धंद्यात आला; अट मात्र तीच राहिली.

राजापेठेत जिन्यातून काळा धूर उसळत होता; अग्निशमनाची गाडी अजून पोचली नव्हती. दुसऱ्या मजल्यावरच्या ग्रिलमधून पोरांचे हात बाहेर आले होते. गोपाल शिडीवर चढला आणि थिजलाच. पल्ल्याच्या कडीवर वेल्डिंगचे गोळे होते; कडी कायमची जोडून टाकलेली.

"हे कोनं केलं?"

"क्लासच्या सरांनी," आतून शिकवणारी करिश्मा खोकत म्हणाली. "पोरं डोकावतात म्हणून... लवकर करा हो!"

ग्राइंडर आणला होता, पण आगीमुळं अख्ख्या गल्लीची वीज तोडलेली. उरली छन्नी आणि हातोडा. गोपाल घाव घालत सुटला. आत पोरं रडत होती, मग एकेकाचं रडणं थांबू लागलं, आणि ते थांबणं त्याला जास्त भीती घालत होतं. खाली पंजाबराव शिडी छातीशी धरून ओरडत होते, "मार बेटा, मार!"

अखेर पल्ला मोडला. पोरं हातोहात खाली गेली. करिश्मानं सगळ्यात शेवटी आचल नावाच्या मुलीला पुढं केलं. आचलची मान लटकत होती.

चौकटीवर कारखान्याचं नाव होतं. गर्दीतल्या एकानं ते वाचलं आणि गोपालच्या कानशिलात लगावली. "तुमीच पिंजरा केला लेकराइचा!" गोपाल सांगू लागला, पण कोण ऐकतो? पंजाबराव नुसते हात जोडून उभे राहिले. संध्याकाळी दवाखान्यात आचलनं प्राण सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापलेक अकोल्याला निघाले. तिथल्या मुलींच्या वसतिगृहाला त्यांनीच खिडक्या दिल्या होत्या. फाटकातूनच गोपालला दिसलं: तेच गोळे, प्रत्येक पल्ल्यावर.

"पालकांनीच करायला लावलं," वॉर्डनबाई म्हणाल्या. "त्यांच्या परवानगीशिवाय मी हात लावू देणार नाही."

"फुकट कापून देतो, बाई. आत्ता देतो," पंजाबराव म्हणाले. गिऱ्हाइकासमोर कधी न वाकलेला हा माणूस बाईंच्या पायाशी वाकला. "पाया पडतो तुमच्या."

बाई मागं सरकल्या. फाटक लागलं.

पंजाबराव उन्हात तिथंच बसले. "बाबा, चला," गोपाल म्हणाला.

"कुठी जाऊ? सांग ना, कुठी जाऊ?"

कॉलेजातून परतणाऱ्या मुली थबकल्या. गोपालनं त्यांना हात जोडून सगळं सांगितलं. पातूरच्या एका मुलीनं परवानगीसाठी वडिलांना फोन लावला आणि त्याच्या हातात दिला.

"कोन बोलून राह्यलं?" पलीकडून संशयी आवाज आला. "मायी पोरगी कुठं हाय?"

"बरी हाय, काका, बरी हाय," गोपाल घाईनं म्हणाला. पुढं "खिडकी" एवढंच म्हणाला आणि रडू लागला. पलीकडं तो बाप पोरीला काय झालं म्हणून ओरडून ओरडून विचारत राहिला.