अंगठ्याचा आवर

वसुधानं यतीनच्या डोक्यावर धरलेली चुंबकी कॉइल बोटभर मागे सरकवली आणि कळ दाबली. टक् झालं, त्याचा अंगठा उडाला.

"हात सैल सोड म्हटलं ना. रीडिंग खराब होतंय."

आजचा स्वयंसेवक ऐन वेळी आला नाही, म्हणून तिनं नवऱ्यालाच प्रयोगशाळेतल्या खुर्चीत बसवलं होतं. ऑक्सिजन कमी झाला की मेंदूतले आवर घालणारे संकेत ढिले पडतात का, हे ती मोजत होती. कॉइलच्या मोठ्या टिचकीआधी एक हलकी टिचकी दिली की अंगठा कमी उडतो. मेंदूच त्याला धरून ठेवतो. ती पकड सुटते का, एवढाच प्रश्न. प्रत्येकाच्या वेगवेगळ्या दिवशी दोन फेऱ्या व्हायच्या, एक कमी ऑक्सिजनची आणि एक साध्या हवेची. कुठल्या दिवशी मास्कमधून काय येतंय, ते फक्त तंत्रज्ञ हिमानीला ठाऊक असायचं.

वसुधा चौथ्यांदा खेकसली तसा यतीननं मास्क ओढून काढला.

"इंटरव्ह्यूच्या सकाळी तुझ्या हातावर दही घातलं ना मी? मनात म्हणत होतो, हिची निवड होऊ नये."

हिमानीला मराठी कळत नव्हतं, तरी ती खाली बघायला लागली.

निवड झाली होती. जागा इथलीच, कायमची होती, होकार उद्यापर्यंत कळवायचा होता. सांगलीची चांगली नोकरी सोडून यतीन तिच्यामागे चंदीगडला आला, इंडस्ट्रियल एरियातल्या एका कारखान्यात मिळेल ते काम धरलं, आणि सहा वर्षांत चकार शब्द काढला नाही. "राहू की, पक्का," असं कालसुद्धा म्हणाला होता. वसुधाच्या अंगाचा तिळपापड झाला. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. भांडला असता तर तिनं ऐकलं असतं. हा दही घालत होता.

तिचा चेहरा पाहून यतीन वरमला. ऑक्सिजन कमी होता, काहीतरी बरळलो, मनावर घेऊ नको, असं पुटपुटत तो बाहेर गेला.

तिला ते खरं मानायचं होतं. अंगठ्याचा आवर वेगळा आणि जिभेचा वेगळा, हे विद्यार्थ्यांना तीच बजावायची. पण आज तिला तेवढा आधारही चालला असता. तिनं हिमानीपुढे हात केला आणि कुणाला कधी कुठली हवा, ती यादी मागितली.

"मॅम, आपने देख ली तो आज की रीडिंग बेकार जाएगी."

"जाने दो."

यादी बघून ती बाहेर आली. यतीन चहाचे दोन कप घेऊन उभा होता. एक त्यानं तिच्यापुढे धरला.

"अजून रागावलीस? अगं, खरंच त्या हवेनं झालं."

वसुधानं कप घेतला नाही.

"आजची हवा साधीच होती," ती म्हणाली. "कमी ऑक्सिजनची फेरी परवा आहे. काय राहिलं असेल ते तेव्हा बोल."