शिंपीकाकांचा चांगला ऋतू

“ही तर माझ्यापेक्षा जास्त कण्हते,” माझ्यावर टेकता टेकता शिंपीकाका पुटपुटले.

मित्रांनो, ती कण्हणारी म्हणजे मी. मी एक जुनी फिरती खुर्ची आहे. प्रवासाची तिकिटं काढून देणाऱ्या एका छोट्या ऑफिसात, टेबलाच्या अलीकडे, गिऱ्हाइकांसाठी ठेवलेली.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझा काय थाट होता! तपकिरी रेक्झिन, चकचकीत पाय, लोण्यासारखी चाकं. तेव्हा मी टेबलाच्या पलीकडे, खुद्द मालकीणबाईंची होते. मुलं माझ्यावर बसून गरगर फिरायची. त्यांना दटावणारी मोठी माणसंही, कुणी बघत नाही असं पाहून, हळूच अर्धी गिरकी घ्यायची. मग बाईंची कंबर धरली, उंच पाठीची नवी खुर्ची आली आणि माझी बदली झाली. एक चाक रुसलं. बैठक उसवली. पोटातला स्पंज बाहेर डोकावू लागला आणि गिऱ्हाइकं विचार करता करता तो कुरतडू लागली.

पण इथे येऊन माणसं कळायला लागली. ज्याचं जायचं ठरलंय, तो मागे रेलतो. ज्याला जायचंय पण धीर होत नाही, तो माझ्या कडेला टेकून डावीकडे उजवीकडे हलत राहतो. शिंपीकाका हलणाऱ्यांपैकी. काकूंना घेऊन ते यायचे आणि दर वेळी एकच विचारायचे, “मोठ्या शहराला जायला चांगला ऋतू कुठला?”

बाई हौसेनं सांगायच्या. “हिवाळ्यात जा. नदीकाठची बाग फुललेली असते. पाय दुखेपर्यंत हिंडा.”

“हिला थंडी सोसत नाही.”

शेजारच्या स्टुलावर काकू पदरानं वारा घेत बसलेल्या असायच्या.

“मग उन्हाळा. दिवस मोठा, संध्याकाळी छान वारा.”

“ऊन डोक्यात जातं माझ्या.”

“पावसाळा? गर्दी नसते.”

“फ्रॉक भिजेल.”

हा फ्रॉक त्यांच्या नातीचा. तिला त्यांनी अजून पाहिलंच नव्हतं. मुलगा शिलाई मशीनवर बसायला नाही म्हणाला, काका नको ते बोलले आणि तो त्या मोठ्या शहरात निघून गेला. तिथेच त्याचं लग्न झालं, तिथेच मुलगी झाली. काका पाणी प्यायला उठले, की काकू हे खालच्या आवाजात बाईंना सांगायच्या. ते परत आले, की पुन्हा हवामान.

एखादा ऋतू ठरला, की काका त्याप्रमाणे फ्रॉक शिवायचे. हिवाळ्याचा लोकरी, उन्हाळ्याचा मलमलचा. मग जाणं लांबायचं, पोरगी वाढली असणार म्हणून तो फ्रॉक कपाटात जायचा आणि त्याहून मोठा शिवायला घेतला जायचा. ज्या माणसानं आयुष्यात मापाशिवाय कापडाला कात्री लावली नाही, तो नातीचं सगळं अंदाजानं शिवत होता! बाई “सुरेख!” म्हणायच्या. मुलाचं नाव ओठांवर आलं, की काका हलायचे, मी जोरात कुरकुरायचे, सगळे मला हसायचे आणि विषय बदलायचा. किती वेळा मी अशी उपयोगी पडले!

मला कण्हणारी म्हणाले त्या दिवशी मात्र काकांचा हात माझ्या उसवलेल्या शिवणीवर गेला. “बाई, गिऱ्हाइकाला असल्या चिंधीवर बसवता?” पुढच्या खेपेला ते दाभण आणि मेण लावलेला दोरा घेऊनच आले. मला टेबलावर उलटं पाडलं. नवीन कापडासारखी माझी बैठक शिवली. सांध्यात मशीनचं तेल सोडलं.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. घरात काही जुनं कुरकुरत असेल, तर लगेच भंगारात देऊ नका. उलटं करून बघा, कुठे कोरडं पडलंय. थेंबभर तेल पुरतं.

तर काका पुन्हा माझ्यावर टेकले. नवा फ्रॉक टेबलावर ठेवला. “मग बाई, कुठला ऋतू म्हणालात?”

“काका, तुमचा मुलगा काय म्हणतो? त्याला कधी सोयीचं आहे?” बाईंच्या तोंडून निघून गेलं.

काका हलले. मी कुरकुरले नाही. कशी कुरकुरणार? तेल त्यांनीच घातलं होतं. कुणी हसलं नाही आणि विषयही बदलला नाही.

काकूंनी पदरानं वारा घ्यायचं थांबवलं. “ऋतू सगळे चांगलेच असतात हो. आपण दार वाजवलं आणि पोरानं उघडलंच नाही तर, ही भीती वाटते तुम्हाला. मलाही वाटते.”

काका हलायचे थांबले. मग सावकाश, सगळा भार माझ्यावर टाकून, मागे रेलले.

“बाई, सगळ्यात आधीची गाडी कुठली?”

“परवाची. पण तिकडे पाऊस सांगितलाय.”

“असू दे. हा फ्रॉक घरीच राहील. नुसतं कापड नेतो.” काकांनी खिशातली टेप चाचपली. “पोरीचं माप घेऊनच शिवीन. तिच्या बाबाचंही घेईन, तो समोर उभा राहिला तर.”