चौदावरची चिकटपट्टी

मी एक जुना थर्मोस्टॅट आहे. नाव ऐकून बिचकू नका, मित्रांनो. थंड मुलखातल्या घरांत भिंतीवर एक गोल चकती असते, तो मी. चकती फिरवून हवी तेवढी ऊब मागायची. मग माझ्या पोटातली धातूची बारीक पट्टी 'टिक' करते, तो निरोप तारेतून स्वयंपाकघरातल्या बॉयलरला पोचतो आणि तो घरभरच्या नळ्यांतून गरम पाणी खेळवतो. एवढंच माझं काम. तेही मला बारा वर्षं कुणी धड करू दिलं नाही, म्हणून आज मी जरा चिडूनच बोलणार आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे एका बाईने माझी पट्टी तीनदा तपासली होती आणि 'हा पन्नास वर्षं चालेल' असं म्हणाली होती. बर्नली गावातल्या, एकाला एक लागून असलेल्या दगडी घरांच्या रांगेतल्या एका दुमजली घरात, जिन्याच्या पायथ्याशी, टेलिफोनच्या वरच्या बाजूला मला बसवलं. पहिले मालक म्हातारं जोडपं होतं. त्यांनी मला वीस अंशांवर ठेवलं आणि पुन्हा बोट लावलं नाही. येणारा-जाणारा ओला कोट काढता काढता 'काय छान उबदार आहे हो तुमच्याकडे' म्हणायचा. ते कौतुक माझंच होतं. त्या दिवसांची आठवण आली की अजूनही बरं वाटतं.

ते गेले आणि ट्रेव्हर ऑल्डरसन आला. बसडेपोत मेकॅनिक, वय सत्तावीस. बरोबर बायको लिनेट, ती शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला, आणि चार वर्षांची बेथन. घर घेतलं होतं ब्याण्णव हजार पौंड कर्ज काढून, पंचवीस वर्षांच्या मुदतीने. आल्या आल्या ट्रेव्हरने बेथनच्या हातून एका मोठ्या कागदावर घराचं चित्र काढून घेतलं. त्यात मोजून ब्याण्णव विटा होत्या. एक हजार फिटले की एक वीट लाल रंगवायची. तो कागद त्याने माझ्या शेजारी टाचला. मग मला चौदावर आणलं आणि माझ्यावर तपकिरी चिकटपट्टी आडवी मारली.

"चाळिशीच्या आत सगळ्या विटा लाल," तो म्हणाला. "ज्या दिवशी शेवटची रंगवू, त्या दिवशी ही पट्टी निघेल. तोवर हात लावायचा नाही."

तो कंजूष नव्हता, हे मी आधीच सांगून टाकतो. तो भ्यायलेला होता. तो अकरा वर्षांचा असताना हप्ते थकले म्हणून बँकेने त्याच्या वडिलांचं घर काढून घेतलं होतं. सगळी गल्ली पडद्याआडून बघत असताना तो इस्त्रीचं टेबल डोक्यावर घेऊन चालत गेला होता. ही गोष्ट त्याने एकदाच, याच जिन्यावर बसून, लिनेटला सांगितली. त्यानंतर पट्टीबद्दल ती बरीच वर्षं काही बोलली नाही.

मग काटकसर सुरू झाली. किटलीत मोजून दोन कप पाणी. चहाची एकच टी-बॅग दोघांत. संध्याकाळी सुपरमार्केटात पिवळी चिठ्ठी लागली, म्हणजे किंमत उतरली, की मगच पाव आणायचा. एकाच टबातल्या पाण्यात आधी बेथन, मग लिनेट, मग ट्रेव्हर. थंडी वाजते असं कुणी म्हटलं की त्याचं ठरलेलं उत्तर असायचं, "मग स्वेटर चढव." चढवलेला असेल तर, "मग दुसरा चढव." बॉयलरची दरवर्षीची तपासणीही त्याने बंद केली. "चालतोय ना? मग कशाला ऐंशी पौंड घालायचे?" बिचारा बॉयलर तेव्हापासून खोकायला लागला. आत काय बिघडतंय ते मला तारेतून कळायचं, पण मला 'टिक' सोडून काही येत नाही.

लिनेटची आई आयरिस दर रविवारी यायची. दोन गल्ल्या सोडून राहायची. कोट न काढताच बसायची आणि तोंड मात्र चालू असायचं. "लिनेट, दूध फ्रिजमध्ये कशाला ठेवतेस गं? टेबलावर ठेव, जास्त गार राहील!" ट्रेव्हरही हसायचा. "आयरिस, एकतीस विटा राहिल्यात बघा." म्हातारी कागदाकडे बघायची, चहा संपवायची आणि अर्ध्या तासात निघायची. सुरुवातीला ती जेवायला थांबत असे. मला ते दिसत होतं. पट्टी नसती तर मी तिला दुपारभर बसवून घेतलं असतं.

बेथन मोठी झाली. अभ्यासाला मैत्रिणीकडे जाऊ लागली. विटा रंगवायचा लाल खडू ट्रेव्हरच्याच हाती आला. महिन्याच्या पगारातला हप्ता द्यायचा, वर उरेल ते कर्जात घालायचं आणि रंगवायचं. शहाऐंशी. सत्याऐंशी. त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं तेव्हा मला त्याचा राग धरता यायचा नाही.

बाराव्या वर्षी नोव्हेंबरात आयरिस घसरली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. पाचच विटा उरल्या होत्या. बरी झाल्यावर तिला आमच्याकडेच आणायचं ठरलं, म्हणून इस्पितळातून एक बाई घर बघायला आली. तिने हातातलं तापमान मोजायचं यंत्र बघितलं, मग मला बघितलं, माझ्यावरची पट्टी बघितली.

"चौदा? या वयात, छाती इतकी नाजूक असताना? एकवीस तरी हवं. नाहीतर आम्ही त्यांना इथे सोडू शकत नाही. नाताळनंतर गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात जागा बघावी लागेल."

बाई गेली. लिनेट म्हणाली, "ट्रेव्हर, काढ ती पट्टी."

मित्रांनो, एवढंच करायचं होतं. एक हात वर करायचा, पट्टी ओढायची आणि मला फिरवायचं. पण ट्रेव्हर माझ्यासमोर उभा राहिला, हात वर नेला आणि खाली आणला.

"पाच विटा गं," तो म्हणाला. "मी शब्द दिलाय."

"कुणाला? भिंतीला?"

"नाताळपर्यंत संपवतो. आई कर्जातल्या घरात नको, फिटलेल्या घरात येऊ दे. मग एकवीस काय, बावीस लावू."

पुढचं त्याने कुणाला न विचारता केलं. स्वतःकडचे सत्तावीसशे होते. लिनेटने चार वर्षं शनिवारची जादा कामं करून नव्या बॉयलरसाठी तेवीसशे साठवले होते. दोन्ही एक करून त्याने भरून टाकले. आणि जो माणूस कर्जाचे कागद तोंडपाठ म्हणायचा, तोच त्या घाईत एक अट विसरला. वर्षाला ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त फेडलं तर दंड बसतो. त्या वर्षाची मर्यादा त्याने उन्हाळ्यातच संपवली होती, आणि मार्चअखेरपर्यंत थांबला असता तर दंडच बसला नसता.

अडीचशे पौंड दंडाचं पत्र आलं तेव्हा लिनेट टेलिफोनपाशी उभी होती.

"अडीचशे? लवकर फेडलं म्हणून?" मग तिने पत्र उलटं केलं. "आणि हे पाच हजार आले कुठून?"

ट्रेव्हरने सांगितलं. ती ओरडली नाही. "तो बॉयलर होता, ट्रेव्हर," म्हणाली. "ते पैसे नव्हते, बॉयलर होता."

"अगं, जुना चालतोय की. बघ आता." त्याने एकाच झटक्यात पट्टी ओढली. माझा थोडा रंगही तिच्याबरोबर गेला. बारा वर्षांत पहिल्यांदा मी चौदाच्या पुढे सरकलो. सोळा, अठरा, एकवीस. बेथन जिन्यावर येऊन उभी राहिली होती.

मी 'टिक' केलं. एवढ्या जोरात मी कधीच केलं नव्हतं.

बॉयलरने एकदा घरघर केली, दोनदा ठोकल्यासारखा आवाज काढला आणि बंद पडला. नळ्या गारच राहिल्या. ट्रेव्हरने मला मागे नेऊन पुन्हा एकवीसवर आणलं. मी पुन्हा हाक दिली. पुन्हा आणलं, पुन्हा दिली. तिकडे ऐकायला कुणी उरलंच नव्हतं.

दुरुस्तीवाल्याने बॉयलर उघडला आणि विचारलं, "शेवटचा साफ कधी केला होता?" नवा बॉयलर यायला महिना लागला, आणि तो हप्त्यांवर घेतला. कर्जमुक्त घराला नवं कर्ज लागलं, याचं ट्रेव्हरला हसूसुद्धा आलं नाही. तोवर आयरिस वृद्धाश्रमात गेली होती.

फेब्रुवारीत घर एकवीसवर आलं. लिनेटने आईला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून त्याचा आवाज मोठा केला.

"आई, शनिवारी न्यायला येतो. घर मस्त गरम झालंय."

"चांगलं झालं गं," आयरिसचा आवाज आला. "पण मी इथेच बरी आहे. तुझ्याकडे बारा वर्षं मी कोट घालून चहा प्यायले. इथे कोट-स्वेटरशिवाय बसते. समोरच्या बाई पत्ते खेळतात. ट्रेव्हरला सांग, विटा संपल्या त्याबद्दल अभिनंदन. मनापासून सांगते हो."

ट्रेव्हर लाल खडू हातात घेऊन उभा होता. एक वीट पांढरी राहिली होती, ती त्याने मुद्दाम तिच्या हातून रंगवायची म्हणून ठेवली होती. त्याने खडू बेथनपुढे धरला. तिने तो घेतला नाही. "आजीसाठी ठेवली होतीस ना, डॅड? मग राहू दे," म्हणाली आणि अभ्यासाला वर गेली. या वेळी निदान आपल्याच घरात.

मित्रांनो, कर्ज फेडू नका असं मी सांगत नाही. घर गेलेल्या पोराची भीती मी बारा वर्षं जवळून पाहिली आहे. पण तुमच्या घरात माझ्यासारखं काही असेल तर त्याला बोलू द्या. वर्षातून एकदा बॉयलर साफ करा. आणि कुणी पाहुणं कोट न काढता बसलं, तर विटा मोजत बसू नका, उठा आणि आधी मला फिरवा. ट्रेव्हर आता रोज कामावरून आला की मला हात लावून बघतो, एकवीस आहे ना म्हणून. दर रविवारी मी सकाळपासून घर तापवून ठेवतो. दाराशेजारी आयरिसच्या कोटासाठी ठेवलेली खुंटी मात्र रिकामीच असते.