तीन बटणं आणि मास्तरांचा आवाज

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. डबा म्हटल्यावर उगाच तोंडाला पाणी सुटू देऊ नका, माझ्यात खायचं काही नाही. काळा पत्रा, पुढे तीन बटणं, प्रत्येक बटणाशेजारी तिळाएवढा हिरवा दिवा आणि पाठीमागे वायरींच्या तीन जुड्या, एवढाच माझा संसार.

माझं काम सांगतो. खोलीत संगणक तीन. पण टेबलावर कीबोर्ड एक, माउस एक आणि पडदाही एकच. पहिलं बटण दाबलं की ती सगळी पहिल्या संगणकाची चाकरी करायची, दुसरं दाबलं की दुसऱ्याची. घरात चष्मा एक आणि वाचणारे तिघे असावेत, तसा प्रकार. कोणाच्या डोळ्यांवर तो कधी चढवायचा, ते मी बघायचो.

कारखान्यात एका बाईंनी माझं प्रत्येक बटण शंभर वेळा दाबून पाहिलं. एकदाही चूक झाली नाही. त्यांनी माझ्या पोटावर पास झाल्याची चिठ्ठी चिकटवली आणि मला वाटलं, आता आपण जन्मभर इमानीच राहणार. आपलं इमान आपल्या पाठीमागे कोण काय जोडतं त्यावर असतं, हे तेव्हा मला कोणी सांगितलं नव्हतं.

मी आलो तो अंध मुलांसाठी बोलकी पुस्तकं तयार करणाऱ्या एका छोट्या संस्थेत. एका बाजूला काचेची खोली होती. तिच्यात बसून कोणीतरी पुस्तक वाचायचं. बाहेर टेबलाशी ताई बसायची. पहिल्या संगणकावर आवाज मुद्रित व्हायचा. तिथून काढून तो दुसऱ्यात जपून ठेवायचा. तिसऱ्यावर ताई तो साफ करायची, म्हणजे खोकला, अडखळणं, खुर्चीची करकर कापून बाजूला काढायची. साफ झालेला आवाज दुसऱ्यात परत जायचा. कापलेले तुकडे तिसऱ्यात साठायचे आणि दर शनिवारी दुपारी ताई ते कायमचे पुसून टाकायची.

ताई नेमाची होती. सकाळी आली की आधी ओल्या फडक्याने माझं अंग पुसायची, मग माझ्या पाठीमागचे वायरींचे स्क्रू छोट्या पेचकसाने घट्ट करायची, मगच कामाला हात. इतकी वर्षं झाली होती की बटण दाबताना ती माझ्याकडे बघतही नसे.

"ताई, बघून दाबत जा की," असं गमत्या म्हणायचा. हा संस्थेतला तंत्रज्ञ. चांगला चाळिशीचा, दोन लेकरांचा बाप. पण चेष्टेशिवाय घास गिळायचा नाही, म्हणून हे नाव.

"माझ्या बोटांना डोळे आहेत," ताई हसून म्हणायची.

"मग डोळ्यांना काय आहे, बोटं?"

"तुझे कान धरायला लागतील तेवढी आहेत."

असं त्यांचं चालायचं. मला दोघंही आवडायचे. खरं सांगतो, गमत्या मला जास्त आवडायचा, कारण तो पाहुण्यांसमोर माझं कौतुक करायचा. संस्थेचे साहेबही करायचे. "तीन संगणक, एक टेबल!" असं म्हणून माझ्या डोक्यावर थाप मारायचे. पाहुण्यांना छान दिसावं म्हणून त्यांनी तिन्ही संगणकांवर संस्थेचं एकच निळं चित्र लावायला लावलं. ताईने आधी तीन वेगवेगळे रंग ठेवले होते. "साहेब, ओळखायला बरं पडतं," ती म्हणाली होती. "दिवे आहेत की डब्यावर," साहेब म्हणाले. जपलेल्या आवाजांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवायला हवी, हेही तिने दोनदा सांगितलं होतं. साहेब दोन्ही वेळा म्हणाले, "पुढच्या महिन्यात बघू."

त्या वर्षी काचेच्या खोलीत मास्तर यायचे. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवलेला माणूस. त्यांच्या घशात गाठ झाली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, शस्त्रक्रिया केली तर जीव वाचेल, आवाज राहणार नाही. मास्तरांनी मुदत मागून घेतली आणि समुद्रप्रवासाचं एक जाडजूड पुस्तक वाचायला बसले. चौतीस प्रकरणं. वादळ आलं की त्यांचा आवाज घोंघावायचा, बंदर आलं की निवायचा. जहाजाचा भोंगा तर असा काढायचे की ताई कानावरचा हेडफोन दचकून बाजूला करायची. पण माणूस मोठा काटेकोर. एक शब्द अडखळला तरी खाकरून म्हणायचे, "थांबा. चुकलं. परत घेतो."

"मास्तर, चाललं असतं हो," ताई म्हणायची.

"ज्यांना डोळे नाहीत त्यांना चुकीचं ऐकवायचं नाही, ताई. माझ्या चुका ठेवू नका हं, पुसून टाका."

एका शुक्रवारी चौतिसावं प्रकरण संपलं. सोमवारी शस्त्रक्रिया होती. मास्तरांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "ताई, दहा मिनिटं आणखी चालू ठेवता? लेकीला आठवा महिना लागलाय. जे कोणी येईल, त्याला आजोबा ऐकू यायला हवा." मग ते त्या न आलेल्या बाळाशी बोलले. काय बोलले ते मी सांगणार नाही. ते बाळाचं होतं. ताई पदराने डोळे पुसत राहिली. तो आवाजही तिने दुसऱ्या संगणकात ठेवला. फोल्डरचं नाव 'मास्तर'. तिसऱ्यातल्या तुकड्यांच्या फोल्डरचं नावही 'मास्तर'च होतं. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिच्या मनात खोल्या वेगळ्या होत्या.

शनिवारी दुपारपर्यंत तिने शेवटचं प्रकरण साफ करून दुसऱ्यात पाठवलं. आता फक्त तुकडे पुसायचे राहिले होते. ती जेवायला उठली.

तेवढ्यात गमत्या आला. इकडेतिकडे पाहिलं. माझ्या पाठीमागे वाकला, दोन जुड्यांचे स्क्रू काढले आणि दुसऱ्याच्या वायरी तिसऱ्याच्या जागी, तिसऱ्याच्या दुसऱ्याच्या जागी बसवल्या.

"बघू आता बोटांचे डोळे," असं माझ्याशीच बोलला आणि हसला. ताई गोंधळेल, शोधाशोध करील, मग आपण येऊन टाळी वाजवू, एवढाच त्याचा बेत. मी त्याच्या मनात काळं पाहिलं नाही. काळं असतंच असं नाही. कधीकधी नुसतं रिकामं असतं. मग त्याला बाहेरून कोणीतरी हाक मारली, तो चहाला गेला आणि तिथेच गप्पांत रंगून वायरींचं विसरला.

ताई परत आली. हात पुसले. माझ्याकडे न बघता तिसरं बटण दाबलं. माझा तिसरा दिवा लागला. बघितलं असतं तरी तिसराच दिसला असता. पडद्यावर तेच निळं चित्र, त्यात तेच 'मास्तर'. पण वायरीतून मला कळत होतं, हा दुसरा आहे. हा जड आहे, भरलेला आहे, ह्याच्या पोटात समुद्र आहे.

मित्रांनो, मला तीन दिवे आहेत, तोंड एकही नाही.

तिने सगळं निवडलं. यादी जरा लांब होती. तेव्हा तिने बघायला हवं होतं. ती चूक तिची, मी झाकत नाही. पडद्याने विचारलं, कायमचं पुसायचं? तिने दर शनिवारप्रमाणे हो म्हटलं. पुसलेल्या जागेवर कोऱ्याचा थर चढवायची तिची पद्धत होती, म्हणजे मागमूस राहत नाही. त्याला चाळीस मिनिटं लागायची. तेवढा वेळ रिकामं बसायला नको म्हणून तिने पिशवीतून लोकर काढली आणि मास्तरांच्या येणाऱ्या नातवंडासाठी टोपडं विणायला घेतलं. पडद्यावर हिरवी पट्टी पुढे सरकत होती. पहिलं बंदर गेलं, वादळ गेलं, भोंगा गेला. सगळ्यात शेवटी ती दहा मिनिटं गेली. ताई ओठांतल्या ओठांत टाके मोजत होती.

सोमवारी मास्तरांचा गळा उघडला, तेव्हाच इकडे ताईने, फडकं-पेचकस राहू देऊन, त्यांचा आवाज ऐकायला आधी दुसरा संगणक उघडला. आत काही नव्हतं.

गमत्या तिच्याआधी आला होता. सकाळी येताच त्याने वायरी जागच्या जागी लावल्या होत्या. त्याने बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात ताईची किंकाळी ऐकू आली. उघडलेलं तोंड त्याने तसंच मिटलं.

साहेब धावत आले. "डबा बिघडलाय का? बघ रे."

मित्रांनो, त्या क्षणी मी मनापासून म्हटलं, बिघडलाय म्हण. मला फोड, भंगारात टाक, पण तेवढं म्हण. गमत्याने माझी तिन्ही बटणं एकामागून एक दाबली. मला उलटंसुलटं केलं. मग खाली बघून म्हणाला, "डबा एकदम टकाटक आहे, साहेब. असा डबा आता मिळायचा नाही."

माझ्या आयुष्यातलं ते शेवटचं कौतुक.

"मी तिसरंच दाबलं होतं," ताई म्हणाली.

"बोटांना डोळे आहेत ना तुमच्या?" साहेब म्हणाले. "मास्तरांना आता तुम्हीच सांगायचं. माझ्याच्याने व्हायचं नाही."

तीन आठवड्यांनी मास्तर आले. गळ्याला पांढरी पट्टी, हातात पाटी. बरोबर लेक, दिवस भरत आलेली. मास्तरांना पुस्तक ऐकायचं होतं. ताईने हात जोडले आणि सगळं सांगितलं. स्वतःला काही सूट दिली नाही.

मास्तरांनी पाटी मांडीवर घेतली. मग पाटीवर लिहिलं, 'काय उरलं?'

"तुकडे," ताई म्हणाली. "त्या आठवड्याचे. एकोणीस मिनिटं."

तिने तिसरं बटण दाबलं. ह्या वेळी खरोखर तिसरा. खोलीभर मास्तरांचा आवाज आला. खोकला. खुर्चीची करकर. "ताई, जरा पाणी." खाकरणं. "थांबा. चुकलं. परत घेतो." अर्धं वाक्य, पुन्हा खोकला. "थांबा. चुकलं. परत घेतो." एकोणीस मिनिटं हेच.

मास्तरांचा चेहरा कसनुसा झाला. त्यांनी पाटीवर लिहिलं, 'हे पुसा.'

"बाबा, नको!" लेक म्हणाली. "ह्याला मी दुसरं काय ऐकवू?" तिचा हात पोटावर होता.

मास्तरांनी तीच अक्षरं पुन्हा गिरवली, जाड केली.

"मी पुसतो, मास्तर," गमत्या लगबगीने पुढे आला. त्याचा हात माझ्या बटणाकडे आला. ते तुकडे ऐकवत नव्हते त्याला.

"थांब," ताई म्हणाली. "आधी वायर बघू दे." त्या दिवसापासून तिला माझ्याजवळ जायची भीती वाटायची, नेमही सुटला होता. आता तिने पाठीमागे हात घातला, एकेक वायर चाचपत गेली आणि थबकली. पहिल्या जुडीचे स्क्रू घट्ट होते. दुसरीचे आणि तिसरीचे नुसते बोटाने फिरवलेले, ढिले.

तिने मान वर करून गमत्याकडे पाहिलं. तो भिंतीकडे बघत होता.

"साहेब," ती हळू आवाजात म्हणाली, "हे स्क्रू मी घट्ट बसवले होते."

"आता स्क्रूचं काय घेऊन बसलात बाई!" साहेब ओरडले. "माणसाचा आवाज गेला इथे!"

ती पुढे काही बोलली नाही. मास्तरांसमोर भांडण कशाला, असं तिला वाटलं असेल. तिने ते तुकडे पुसले नाहीत. एका डिस्कवर घालून लेकीच्या हातात दिले. मास्तर पाटी उराशी धरून उठले आणि निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून ताईला यायला नको सांगितलं. अर्धं विणलेलं टोपडं तिने खालच्या खणात ठेवलं ते तसंच राहिलं.

तिच्या खुर्चीवर गमत्या बसला. चार-सहा महिन्यांत प्रत्येक संगणकाला स्वतंत्र पडदा आला आणि माझी रवानगी त्याच खणात झाली. मी त्या टोपड्यावर पडून आहे. गमत्या आता चेष्टा करत नाही. बटण दाबण्याआधी तीनदा वाकून वायर बघतो. लोक म्हणतात, काय काळजी घेणारा माणूस!

मध्ये एकदा मास्तरांची लेक आली होती. मास्तर तेव्हा गेलेले होते. "ती दहा मिनिटं कुठे सापडली का?" एवढंच विचारायला आली होती. बरोबर तीन वर्षांची मुलगी.

"आजोबा कसे बोलायचे, ते माहीत आहे का तुला?" खुर्चीतून गमत्याने विचारलं. काहीतरी बोलायला हवं म्हणून विचारलं असावं.

मुलगी ताठ उभी राहिली. मोठ्या माणसासारखी खाकरली आणि म्हणाली, "थांबा. चुकलं. परत घेतो."

खण जरासा उघडा होता. मला गमत्याचे फक्त पाय दिसत होते. ते खुर्चीखाली मागे सरकले. मग तो उठला, खण लावला आणि मला अंधार झाला.

मित्रांनो, चेष्टा करायला माझी ना नाही. पण कोणाच्या पाठीमागे हात घालून केलीत, तर तिथेच थांबा. चहाला जाऊ नका. आणि हातून चूक झालीच, तर त्या माणसाची किंकाळी ऐकून तोंड मिटू नका. त्या सोमवारी गमत्याने जे बोलायला हवं होतं ते चार शब्दांचं होतं, आणि ते चारही शब्द मास्तरांनी सांगून ठेवले होते.